पैसे आले, पण आपले झाले का?

(बचत गटांत आणि घरगुती उद्योगांत काम करणाऱ्या मैत्रिणींच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आजच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय वाचून दोघीतिघींनी सकाळी चहाच्या वेळीच मला गाठलं. म्हणाल्या, "ताई, हा तर बँकेतल्या साहेबांचा विषय. आपल्या शिबिरात तो कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपण इथे जमतो तेव्हा मारहाणीबद्दल बोलतो, पोटगीबद्दल बोलतो, रेशन, मजुरी, सातबाऱ्यावरचं नाव याबद्दल बोलतो. 'ऑनलाइन पेमेंटचे वाद' हे शब्द त्या यादीत परके वाटतात.

पण गेल्या काही वर्षांत आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांच्या तोंडी एक नवं वाक्य ऐकू यायला लागलं आहे. "पैसे आले होते, पण परत गेले." कुणी पापड विकते, कुणी मसाले, कुणी गोधड्या शिवते. माल गेलेला असतो. मोबाइलवर पैसे आल्याचा संदेश असतो. आणि महिन्याभराने तेच पैसे खात्यातून काढून घेतलेले असतात, नाहीतर खातंच बंद पडलेलं असतं. का, ते कुणी सांगत नाही. घरात मात्र सगळे सांगतात, "तुला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?" या शेवटच्या वाक्यामुळे हा विषय आपला होतो.

आधी थोडं मागे जाऊ या. बाजारात बसणाऱ्या बाईचा व्यवहार पूर्वी कसा होता? माल दिला, नोट घेतली, कमरेच्या पिशवीत टाकली. व्यवहार संपला. उधारी असली तरी ती ओळखीच्या माणसाची, आणि वहीत लिहिलेली. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली. यूपीआय त्याच वर्षी आलं होतं. पुढे २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि नोटेला हात लावायला लोक घाबरू लागले. बघता बघता भाजीच्या टोपलीपाशी, चहाच्या गाड्यावर, महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनातल्या आपल्या स्टॉलवर क्यूआर कोडचा चौकोनी कागद लागला.

मी या बदलाच्या विरोधात नाही, हे सुरुवातीलाच सांगते. सुट्ट्या पैशांची कटकट गेली. आणि आपल्यापैकी अनेकींना त्याहून मोठा फायदा झाला. डब्यातली, पिशवीतली रोख रक्कम घरातला माणूस काढून घेत असे. दारूला जाई, नणंदेच्या लग्नाला जाई, कुठेही जाई. खात्यात पडलेला पैसा तसा हाताला लागत नाही. किती जणींनी मला सांगितलंय, की आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पाच हजार रुपये शिल्लक पडले ते मोबाइलवर पैसे घ्यायला लागल्यापासून. म्हणून हा पैसा अडतो तेव्हा धंद्याचं नुकसान होतं, आणि मोठ्या कष्टाने घरात मिळवलेली जागाही हातची जाते.

आता 'चार्जबॅक' हा शब्द समजून घेऊ. ग्राहकाने कार्डाने पैसे दिले. नंतर तो आपल्या बँकेला म्हणाला, "हा खर्च मी केलेला नाही," किंवा "वस्तू मिळाली नाही," किंवा "मागवली एक, आली दुसरी." त्याची बँक ते पैसे परत मागते. मागते कुणाकडे? कार्डाच्या जाळ्यामार्फत विक्रेत्याच्या बँकेकडे. ती बँक मागते मध्ये बसलेल्या पेमेंट कंपनीकडे. आणि ती कंपनी काढून घेते आपल्याकडून. बहुतेक वेळा आधी काढून घेते आणि मग विचारते, की तुमचं काय म्हणणं आहे? पुरावा द्यायला थोडे दिवस मिळतात. वेळेत दिला नाही तर आपण हरलो. जिंकलो तरी पैसे परत यायला आठवडे जातात. वरून अनेक कंपन्या प्रत्येक वादामागे वेगळं शुल्क लावतात.

ही व्यवस्था वाईट हेतूने केलेली नाही. अमेरिकेत १९७४ साली क्रेडिट कार्डाच्या बिलांबाबत कायदा झाला. बिलात चूक असेल तर ग्राहकाने ६० दिवसांत लेखी हरकत घ्यावी, आणि चौकशी होईपर्यंत तेवढी रक्कम भरायची सक्ती त्याच्यावर नसावी, असं त्यात होतं. बलाढ्य दुकानदार आणि बँक यांच्यापुढे एकट्या ग्राहकाला बळ देणारा हा कायदा होता. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने २०१७ साली सांगितलं, की तिसऱ्याच कुणी फसवणूक करून खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भुर्दंड पडू नये. हे चांगलंच झालं. आपणही ग्राहक आहोतच. आपल्या आईच्या खात्यातून कुणी पैसे लांबवले तर आपल्याला हेच संरक्षण हवं असतं.

अडचण अशी, की हे नियम करताना विक्रेता म्हणून जो डोळ्यांपुढे होता तो मोठा दुकानदार होता. हिशेबनीस असलेला, वकील असलेला, पन्नास व्यवहारांतला एक बुडाला तरी चालू शकणारा. आज त्याच रांगेत आपण उभ्या आहोत, महिन्याला वीस पार्सलं पाठवणाऱ्या.

एक उदाहरण सांगते. गावाचं आणि गटाचं नाव सांगत नाही. दहा बायकांचा गट. दिवाळीचा फराळ करतात. पुण्या-मुंबईतून परदेशात मुलाबाळांना फराळ पाठवायची पद्धत आता नवी राहिलेली नाही. यांना एका ओळखीतून अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या ऑर्डरी मिळायला लागल्या. पैसे कार्डाने, मधल्या एका पेमेंट कंपनीमार्फत. एका ऑर्डरीत चकली, अनारसे, करंज्या, चिवडा असा सात हजारांवर माल होता. पार्सल पोचलं. ताटाचा फोटोसुद्धा आला. दोन महिन्यांनी त्या रकमेवर वाद आला, कारण "हा व्यवहार कार्डधारकाने केलेला नाही."

फसवणूक कुणी केली होती? कुणीच नाही. ऑर्डर सुनेने दिली होती, कार्ड नवऱ्याच्या नावावर होतं. बिलावर गटाचं नाव नव्हतं, मधल्या कंपनीचं अनोळखी नाव होतं. त्याने बिल वाचलं, "हे कोण?" म्हणाला आणि बँकेला कळवून मोकळा झाला. त्याचे दोन मिनिटांचे श्रम. इकडे काय झालं बघा. वादाची सूचना इंग्रजीत ई-मेलने आली. तो ई-मेल गटातल्या एकीच्या पुतण्याने खातं उघडताना दिलेला, आणि पुतण्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेला. उत्तराची मुदत उलटून गेली. रक्कम कापली गेली ती पुढच्या ऑर्डरींच्या पैशातून. म्हणजे ज्या बायकांचा त्या पार्सलशी काही संबंध नव्हता त्यांची मजुरी अडली. गटात भांडण लागलं. "हिशेब तुझ्याकडे होता, पैसे तू खाल्लेस," इथपर्यंत पाळी गेली. पुढे त्या सुनेला फोन लागला, तिने नवऱ्याला सांगितलं आणि त्यांनी रक्कम भरून दिली. पण दोघीजणी तोवर गट सोडून गेल्या होत्या.

या प्रकरणात एक तांत्रिक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा. भारतातल्या कार्डाने ऑनलाइन पैसे देताना ओटीपी लागतो. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून अशी दुसरी खातरजमा सक्तीची केली. ओटीपी देऊन झालेल्या व्यवहाराबाबत "मी केलाच नाही" असा वाद आला, तर त्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. परदेशातल्या कार्डाला अनेकदा ओटीपी नसतो, आणि मग ती जोखीम विक्रेत्याच्या गळ्यात पडते. शिवाय कार्डाचा वाद साधारण चार महिन्यांपर्यंत उपटू शकतो. तेव्हा दिवाळीचे पैसे होळीपर्यंत पक्के समजू नका.

आता दुसरा प्रकार. हा यूपीआयचा आहे आणि जास्त भीतीदायक आहे. आठवडी बाजारात चटण्या आणि भाकरी विकणारी एक बाई. एका अनोळखी गिऱ्हाइकाने तीनशे चाळीस रुपयांचा माल घेतला, कोड स्कॅन केला, गेला. तीन आठवड्यांनी बँकेतून पैसे काढायला गेली तर खातं गोठवलेलं. बँकेतला माणूस म्हणाला, "दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून आलंय, आमच्या हातात नाही." कागद मागितला तर दिला नाही.

झालं होतं काय, तेही समजून घेऊ. फसवणूक झालेल्या माणसाने १९३० या क्रमांकावर तक्रार केली, की त्याचे पैसे कोणत्या खात्यात गेले, तिथून पुढे कुठे गेले, याची साखळी शोधतात आणि वाटेतल्या प्रत्येक खात्यात ती रक्कम अडवतात. ही यंत्रणा २०२१ मध्ये सुरू झाली. पहिल्या काही तासांत तक्रार केली तर पैसे वाचण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तीही हवीच आहे. आपल्या वस्तीत कुणाची फसवणूक झाली तर पहिला फोन १९३० लाच करा. पण चोर चोरीच्या पैशातून भाकरीही विकत घेतो. मग साखळीच्या टोकाला भाकरी विकणारी बाई सापडते. तिने माल देऊन पैसे घेतले, हे संगणकाला दिसत नाही. त्याला फक्त खात्याचा क्रमांक दिसतो.

तीनशे चाळीस रुपयांसाठी तिचं सगळं खातं बंद. त्यात गटाच्या कर्जाचा हप्ता होता, मुलीची फी होती. हप्ता चुकला, दंड लागला. गटातल्या बायका दारात आल्या. नवरा म्हणाला, "सांगितलं होतं, खातं माझ्या नावावर ठेव. बायकांना कळतं का यातलं?" पोलिसांचं नाव निघालं म्हणून सासू शेजारी तोंड लपवायला लागली. काहीही न करता ही बाई चोर ठरली. तिने क्यूआर कोडचा कागद फाडून टाकला. पुढच्या बाजाराला नवऱ्याच्या नावाचा कोड लागला. आज चटणी तीच कुटते, भाकरी तीच थापते, पैसे त्याच्या खात्यात जातात. नुकसान किती झालं, असं कुणी विचारलं तर मी तीनशे चाळीस रुपये सांगू का?

कायदा काय म्हणतो? बँक खातं ही गुन्ह्याच्या तपासात जप्त करता येण्याजोगी मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरवलं. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तिथे ते कलम १०६ झालं. पोलिसांनी अशी जप्ती केली तर न्यायदंडाधिकाऱ्यांना तसं ताबडतोब कळवायचं असतं, हे त्याच कलमात आहे. शेजारच्या कलम १०७ मध्ये गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेवर न्यायालयाकडून टाच आणण्याची वाट दिली आहे, आणि त्यात नोटीस देऊन १४ दिवसांत म्हणणं मांडू देण्याची तरतूद आहे. यातलं कोणतं कलम कधी लावायचं, यावर उच्च न्यायालयांचे वेगवेगळे निकाल आले आहेत.

पण दोन निकाल आपल्या कामाचे आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं, की पोलिसांनी जी रक्कम वादग्रस्त म्हणून कळवली आहे तेवढ्यापुरतंच बँकांनी खातं अडवावं. आणि २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे छोले-भटुरे विकणाऱ्या एका माणसाचं प्रकरण आलं. त्याच्या खात्यात फसवणुकीच्या साखळीतले १०५ रुपये आले होते, त्यापायी सगळं खातं गोठवलेलं, आणि आत लाखावर रुपये अडकलेले. न्यायालयाने १०५ रुपये बाजूला ठेवून खातं खुलं करायला सांगितलं, आणि खातं गोठवल्याने माणसाच्या उपजीविकेच्या हक्कावर घाला येतो, हे बोलून दाखवलं. एकशेपाच रुपयांसाठी एका फेरीवाल्याला उच्च न्यायालयात जावं लागलं. आपल्यातली कोण जाऊ शकेल? म्हणून त्या निकालाची माहिती आपल्या पिशवीत असली पाहिजे.

तिसरा प्रकार साधा आहे, पण रोजचा. गिऱ्हाईक मोबाइलवर हिरवी खूण दाखवतं आणि जातं. पैसे आलेलेच नसतात. कधी ती खूण खोटी असते, तर कधी त्याच्या खात्यातून पैसे कापले जातात पण आपल्याला पोचत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये अशा अडकलेल्या व्यवहारांना मुदत घालून दिली. दुकानदाराला दिलेले यूपीआयचे पैसे अडकले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप गिऱ्हाइकाकडे परत गेले पाहिजेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे गिऱ्हाइकाला त्याचे पैसे मिळतात. आपली मेथीची जुडी मात्र गेलेली असते. त्याच्या पडद्यावर काय दिसतं ते पाहू नका. आपल्या मोबाइलवर संदेश आला, बोलणाऱ्या डब्याने रक्कम पुकारली, किंवा आपल्या खात्यात शिल्लक वाढलेली दिसली, तरच माल द्या. गिऱ्हाईक रागावेल. रागावू दे.

आणि एक फसवणूक. अनोळखी माणूस फोन करतो, "ताई, चुकून तुमच्या खात्यावर दोन हजार आले, या नंबरवर परत पाठवा." पैसे खरंच आलेले असतात. आपण सरळ मनाने परत पाठवतो, पण दुसऱ्याच नंबरवर. मग ज्याच्या खात्यातून ते आले तो माणूस बँकेकडे तक्रार करतो, आणि आपल्याकडून पुन्हा मागणी होते. अशा माणसाला एकच उत्तर द्या: "तुमच्या बँकेत तक्रार करा, बँकेकडून आलं की मी हो म्हणेन." आणि त्याच दिवशी आपल्या बँकेला लेखी कळवा.

मैत्रिणींनो, या तिन्ही प्रकारांत एक समान धागा आहे. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचं दुकानदाराचं शुल्क १ जानेवारी २०२० पासून सरकारने बंद केलं. त्यामुळे हे सगळं फुकट आहे असं आपल्याला वाटतं. पण व्यवहार निभावण्याचे श्रम नाहीसे झालेले नाहीत. पावत्या जपणं, मेल वाचणं, बँकेत चार खेपा घालणं, पोलिसांना पत्र लिहिणं, हे काम कुणीतरी करतंच. बँकेत त्यासाठी पगारी माणूस आहे, पेमेंट कंपनीत विभाग आहे. आपल्याकडे ते काम स्वयंपाक, पाणी, मुलांचा अभ्यास आणि माल तयार करणं यांच्या मधल्या वेळात होतं, आणि त्याची मजुरी कुणी धरत नाही. घरकामाबद्दल आपण जे वर्षानुवर्षं म्हणत आलो तेच इथे पुन्हा घडतंय.

दुसरं, ही व्यवस्था असं गृहीत धरते, की विक्रेत्याचा मोबाइल त्याचा आहे, ई-मेल तो रोज बघतो, इंग्रजी त्याला येतं आणि कामाच्या वेळात तो बँकेत जाऊ शकतो. आपल्यातल्या किती जणींचा मोबाइल रात्री मुलाच्या हातात असतो? किती जणींच्या खात्याला नवऱ्याचा नंबर जोडलेला आहे? हात वर करायला सांगत नाही. पण घरी जाऊन आज बघा.

आता करायचं काय?

पहिली गोष्ट, नाव आणि नंबर. कोड ज्या खात्याला जोडलाय ते खातं तुमच्या किंवा गटाच्या नावावर असू दे, मोबाइल नंबर तुमचा असू दे, ई-मेल गटातल्या दोघींना उघडता येईल असा असू दे. पेमेंट कंपनीला सांगून बिलावर गटाचंच नाव उमटेल असं करून घ्या. फराळाच्या त्या प्रकरणात एवढं असतं तर वाद उभाच राहिला नसता.

दुसरी, दोन खाती. कोडाला जोडलेल्या खात्यात धंद्यापुरतेच पैसे ठेवा. आठवड्याला उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात हलवा. हप्ता आणि मुलांची फी त्या दुसऱ्या खात्यातून जाऊ दे. याने गोठवणूक थांबणार नाही, पण एका कारणाने सगळं घर अडणार नाही.

तिसरी, वही. रोज तारीख, माल, रक्कम, आणि अनोळखी गिऱ्हाईक असेल तर काय विकलं त्याची एक ओळ. साधं बिलबुक ठेवा. पार्सल असेल तर पॅक करताना फोटो, वजन, टपालाची किंवा कुरिअरची पावती, ट्रॅकिंग नंबर, पोचल्याचा संदेश. ऑर्डरीचं बोलणं मोबाइलवर झालं असेल तर ते पुसू नका. हे सगळं निदान सहा महिने जपा. वाद आला तर पुरावा म्हणजे हेच.

चौथी, वाद आल्यावर. सूचना मिळताच उत्तराची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. उत्तर इंग्रजीत लागत असेल तर संघटनेकडे या, आपण मिळून लिहू. आपली चूक असेल, माल खराब गेला असेल, तर भांडत बसू नका, पैसे परत करा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांतही आहे, की सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. आपण प्रामाणिक असलो तरच आपली मागणी टिकेल.

पाचवी, खातं गोठवलं तर. घाबरून पळू नका आणि कुणा दलालाला पैसे देऊ नका. बँकेकडे लेखी मागा: कोणत्या पोलीस ठाण्याचं पत्र आहे, तक्रार क्रमांक काय, किती रक्कम वादात आहे. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. त्या पोलीस ठाण्याला विक्रीची नोंद आणि ओळखपत्र जोडून पत्र आणि ई-मेल पाठवा, आणि फक्त वादातली रक्कम अडवून बाकीचं खातं खुलं करा अशी मागणी करा. तिथून काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकिलाची फी कुठून आणायची? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं.

सहावी, बँकेची स्वतःची कुचराई असेल तर. तक्रार लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. आणि ग्राहक आयोगाचं दारही आपल्याला बंद नाही. तुम्ही धंदा करता, म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी म्हणेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय, की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरली जाणार नाही. भाकरी विकून पोट भरणारी बाई बँकेचीही ग्राहक आहे, असं आपण याच आधारावर म्हणू शकतो.

हे झालं एकेकटीने करायचं. पण सगळा भार पुन्हा बाईच्या सावधपणावर टाकून आपण मोकळ्या होणार का? "तू नीट राहिली असतीस तर असं झालं नसतं," हे आपण दुसऱ्या संदर्भात फार ऐकलंय. म्हणून काही मागण्या आपण एकत्रितपणे मांडायला हव्यात. पैसे कापण्याआधी विक्रेत्याला तिच्या भाषेत कळवा, नुसत्या ई-मेलने भागवू नका. छोट्या रकमेच्या वादात पुरावा द्यायला पुरेसे दिवस द्या. वादातल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त अडवू नका. खातं अडवलं तर कारण, पोलीस ठाणं आणि क्रमांक त्याच दिवशी लेखी द्या. दुसऱ्या राज्यातलं प्रकरण असेल तर जबाब आपल्याच तालुक्याच्या पोलीस ठाण्यात नोंदवता यावा. उमेद, महिला आर्थिक विकास महामंडळ, यांच्या प्रशिक्षणांत कोड कसा लावायचा हे जसं शिकवतात तसं वाद कसा लढायचा हेही शिकवलं जावं.

१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती लिज्जतची गोष्ट आपण नेहमी सांगतो. त्यांच्यापुढे अडचणी कमी नव्हत्या. पण विकलेल्या पापडाचे हातात आलेले पैसे चार महिन्यांनी कुणी परत घेऊन जाईल, ही चिंता तरी नव्हती. आपल्यापुढे ती आहे, तर तिची नोंद आपणच केली पाहिजे.

म्हणून आज निघण्यापूर्वी एक काम ठरवू या. प्रत्येक गटाने एक पान करायचं. गेल्या वर्षभरात कुणाचे पैसे परत गेले, कुणाचं खातं अडलं, किती रक्कम, किती दिवस, किती खेपा, आणि त्यानंतर खातं किंवा कोड कुणाच्या नावावर गेला. शेवटचा रकाना विसरू नका, बँकेच्या कुठल्याही फॉर्मवर तो नसतो. नावं घालू नका, तालुका लिहा. पुढच्या बैठकीला ही पानं घेऊन या. ती एकत्र करून आपण अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे आणि पोलीस अधीक्षकांकडे जाऊ. तेव्हा ते म्हणतील, "एखादं प्रकरण असेल, पाठवा." आपण पानं टेबलावर ठेवू.

(भाषणानंतर झालेल्या चर्चेत मैत्रिणींनी सांगितलेले अनुभव पुढच्या अंकात घेण्याचा विचार आहे. आपल्या गटाचं पान आमच्याकडेही पाठवावं.)